शनिवारी कानात सांगितलेलं

बीडमध्ये मला नऊ वर्षं झाली. वसईला केळीच्या वाडीत वाढलेला माणूस इथे टिकला कसा, असं घरचे अजून विचारतात आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देतो. खरं उत्तर एवढंच, की बदलीचं पत्र आलं आणि मी आलो. आमच्यात विचारून पाठवत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात मी बिशपांना मनातल्या मनात बरंच काही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बिंदुसरेच्या काठाला एक वस्ती आहे. तिच्या तोंडाशी आमच्या केंद्राच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. एका खोलीत केंद्राचं सामान, दुसरीत मुलांची अभ्यासिका, आणि शेडमध्ये शिवणवर्ग आणि रेशनकार्डापासून निराधारांच्या पगारापर्यंतचे अर्ज भरून द्यायचं काम. रविवारी सकाळी शिलाई मशिनं भिंतीकडे सरकवायची, टेबलावर पांढरं कापड टाकायचं, की तीच शेड आमचं देऊळ. शहरात कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे जागा कधी कमी पडली नाही. बाकीचे सहा दिवस मी फादर कमी आणि अर्जनवीस जास्त. डोकं माझं मुळातच गरम. कचेरीतल्या खिडकीवर अर्ज फेकून परत देणाऱ्यांशी माझी जी भांडणं झाली, त्यावरून मला वरून दोनदा समज आली आहे की हे धर्मगुरूला शोभत नाही. मला ते पटतं, आणि पुढच्या खिडकीपर्यंत टिकतं.

केंद्रात माझ्याबरोबर एक कार्यकर्ती आहे. इथलीच, वस्तीत वाढलेली, चाळिशीची. खरं केंद्र ती चालवते आणि मी सह्या करतो. कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला वासावरून कळतं, आणि तोंडावर बोलायला ती कुणाच्या बापाला भीत नाही, फादरला तर नाहीच.

आता शनिवारची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच बिघडलं.

आमच्यात मिस्साआधी, म्हणजे रविवारच्या उपासनेआधी, पापनिवेदन करायची रीत आहे. वसईची जुनी माणसं त्याला कुमसार म्हणतात. माणूस धर्मगुरूच्या कानाशी येतो, आपलं चुकलेलं सांगतो, आणि धर्मगुरू देवाच्या नावाने त्याला क्षमा देतो. ऐकलेलं मात्र धर्मगुरूने कुणालाही सांगायचं नाही. घरच्यांना नाही, पोलिसांना नाही, कोर्टात उभं केलं तरी नाही. सांगितलं तर त्याच्या धर्मगुरूपणाला काही अर्थ राहत नाही. आमच्या अंगात हे इतकं मुरवलेलं असतं, की झोपेत बडबडायचीसुद्धा आम्हाला भीती वाटते.

शनिवारी दुपारी चारला शेडच्या कोपऱ्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. आमच्या चार-पाच बाया येऊन कुजबुजून जायच्या. शिवणवर्गाच्या बाया मशिनवरून हे बघत. त्यातल्या एकीने एकदा विचारलं, की ह्या तुमच्या कानात काय सांगतात. मी समजावून सांगितलं. पुढच्या शनिवारी तीच येऊन खुर्चीत बसली. मी म्हणालो, बाई, हा आमच्या धर्माचा संस्कार आहे, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. ती म्हणाली, तिला बाप्तिस्मा-बिप्तिस्मा काही नको, तिला फक्त बोलायचंय. मला हसू आलं, आणि मी ऐकलं.

मग ते वाढतच गेलं. दर शनिवारी आठ-दहा बाया. मिस्साला न येणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू, कुणी आदल्या दिवशीचा उपास सोडून आलेली. सासूला टाकून बोललेलं, लेकराला रागात जास्तच मारलेलं, सख्ख्या बहिणीशी सात वर्षं धरलेला अबोला, असं काय काय. मी ऐकायचो, दोन शब्द बोलायचो, आणि त्या डोळे पुसून मशिनवर जाऊन बसायच्या. क्षमा देण्याचा अधिकार मला तिथे नव्हता, पण ऐकायला अधिकार कशाला लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांसमोर मी एक नियम मात्र जाहीर केला. इथे बोललेलं इथेच राहील.

ह्या नियमाचा मला गर्व झाला होता. वस्तीत कुणी म्हणालं, "फादरच्या पोटात ऱ्हातं," की मला मेडल मिळाल्यासारखं वाटायचं. कार्यकर्ती चिडवायची, की फादर, तुमच्या पोटाचं गोडाऊन झालंय, कधीतरी माल बाहेर काढा, उंदीर लागतील. मी तिच्यावर ओरडायचो आणि मनातून खूश व्हायचो.

त्या वर्षी पोळा होऊन गेल्यानंतरच्या एका शनिवारी ती बाई आली.

तिला मी चांगला ओळखत होतो. चार घरची धुणीभांडी करायची. त्याआधी बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. पाठ गेल्यावर दोघं शहरात येऊन राहिली आणि नवरा मोंढ्यात हमाली करायला लागला. दोन मुली. थोरली नववीत, आमच्या अभ्यासिकेत रोज यायची. पंख्याखालची जागा तिची, आणि ती दुसऱ्या कुणी घेतली तर महाभारत. तिचं अक्षर इतकं सुबक, की अर्जांची गर्दी झाली की कार्यकर्ती तिला बोलावून बसवायची. बघता बघता गल्लीतल्या बाया माझ्याऐवजी तिच्याकडूनच अर्ज भरून घ्यायला लागल्या होत्या. मी एकदा म्हणालो, माझी नोकरी घालवतेस की काय. ती म्हणाली, तुम्हाला पगार कुठाय. पोरगी अशी होती.

आई कधी शनिवारी आली नव्हती. त्या दिवशी आली, पदर डोक्यावरून घेतला, खुर्चीत टेकली, आणि भिंतीकडे बघत सांगायला लागली. थोरलीचं लग्न ठरलंय. येत्या नाही, पुढच्या गुरुवारी. चौसाळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथे मारुतीच्या देवळापुढे, दुपारी बाराला. पत्रिका छापलेली नाही, मंडप नाही, घरच्याघरीच उरकायचंय. मुलगा वीस-एकवीसचा, नात्यातलाच. दसरा झाला की टोळी कारखान्याला निघणार आणि मुकादम नवरा-बायकोची जोडी असली तरच घेतो, म्हणून ही घाई. नवरा आणि दोन्ही दीर मिळून ठरवून मोकळे झाले.

"तिला पंधरावं बी लागलं न्हाई अजून," ती म्हणाली. "घरात म्या तोंड उघडलं तर मलाच घराबाहीर काढतील. म्हणून तुमाला सांगितलं."

मी विचारलं, मुलीला माहीत आहे का. ती म्हणाली, माहीत आहे, दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. मी तिला धीर दिला. म्हणालो, नवऱ्याशी शांतपणे बोलून बघा, मी प्रार्थना करतो. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणखी काहीतरी व्हायची वाट बघत असल्यासारखी. मग उठली, आणि जाता जाता पुन्हा एकदा गावाचं नाव सांगून गेली.

त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले ते मला माहीत.

कलेक्टर कचेरीत मुलांच्या संरक्षणाची बैठक होते, तिला संस्थांच्या वतीने मी जातो. बालविवाह लावणाराच नव्हे, माहीत असून त्याला हजर राहणारासुद्धा कायद्याने दोषी, हे मी त्याच शेडमध्ये तक्ता लावून बायांना शिकवलेलं. लग्न थांबवणाऱ्या अधिकाऱ्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन केला असता, तर गाडी गेली असती, समज दिली असती, हमीपत्र लिहून घेतलं असतं. हे सगळं मला येत होतं, आणि मी हातावर हात ठेवून बसलो.

का, तर मी शब्द दिला होता. इथे बोललेलं इथेच राहील. मी स्वतःला हेच सांगत होतो, सकाळ-संध्याकाळ, प्रार्थनेच्या वेळी जरा जास्तच. पण बाप्तिस्मा नसलेल्या माणसाचं कुमसार होतच नाही, तिथे गुप्ततेचं बंधनही नसतं, हे सेमिनरीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्या नियमाच्या मागे लपलो होतो, आणि लपायची कारणं वेगळी होती.

पहिलं कारण भीती. आदल्या वर्षी कुणीतरी बोभाटा केला होता की अभ्यासिकेत पोरं बाटवतात. पोलीस येऊन चौकशी करून गेले, काही निघालं नाही, पण तीन महिने अर्धी पोरं यायची थांबली. आता फादरने हिंदूच्या घरचं लग्न मोडलं अशी हाकाटी झाली असती, तर केंद्राला कुलूप लागलं असतं. दुसरं कारण सांगायला मला जास्त लाज वाटते. एकदा पोलीस गेले की वस्ती म्हणाली असती, फादरला सांगितलं की गाडी येते. शनिवारची खुर्ची रिकामी पडली असती. ती मला भरलेली हवी होती.

थोरली अभ्यासिकेत यायची थांबली. आठवडा झाल्यावर कार्यकर्तीने मला विचारलं, की फादर, ही पोरगी दिसत नाही, तुम्हाला काही ठाऊक आहे का. मी म्हणालो, मावशीकडे-बिवशीकडे गेली असेल. तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझं खोटं बोलणं फार कच्चं आहे. पण फादर खोटं बोलेल असं तिच्या मनात आलं नाही, म्हणून ती गप्प बसली. तिला खरं सांगितलं असतं, तर पुढचं तिने तासाभरात केलं असतं, तेही माझं नाव कुठे न येऊ देता. हे मला तेव्हाही कळत होतं.

गुरुवारी सकाळी मला राहवेना. मोटारसायकल काढली आणि निघालो. काय करणार हे ठरलेलं नव्हतं. मांजरसुंब्याला एका ढाब्यावर थांबून चहा घेतला आणि फोन काढला. अधिकाऱ्याचं नाव समोर आणलं. अजून वेळ होता, साडेदहाच वाजत होते. शेजारच्या बाकावर दोन ट्रकवाले भज्यांवरून एकमेकांना शिव्या घालत होते आणि मी त्यांच्याकडे असा बघत बसलो की जणू त्यांचा तंटा मलाच मिटवायचाय. चहा गार झाला. मी फोन खिशात घातला, आणि ठरवलं की तिथे जाऊन बापाशीच बोलू, माणसासारखं, समोरासमोर. असं ठरवलं की जरा बरं वाटलं.

गावात पोचलो तेव्हा देवळापुढे पन्नास-साठ माणसं होती. एक ताडपत्री बांधलेली, एक कर्णा, बाजूला मोठ्या पातेल्यात भात. बापाने मला लांबूनच बघितलं आणि पळत आला. त्याला वाटलं बायकोने आमंत्रण दिलं असेल. हमालीने दबलेला, कायम मान खाली घालून चालणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा फुलून आला होता. माझा हात धरून त्याने मला सगळ्यांपुढून नेलं, पहिल्या ओळीत बसवलं, आणि भावकीतल्या कुणाकुणाला सांगत सुटला की आमचे बीडचे फादरसाहेब खास आलेत. मी म्हणालो, जरा बाजूला या, बोलायचंय. तो म्हणाला, आता अक्षता पडल्या की निवांत बोलू, वेळ झाली.

तेवढ्यात मला ती दिसली. आई. देवळाच्या पायरीपाशी उभी होती. मला बघितल्याबरोबर ती ताठ झाली. डोळे मोठे झाले, हात छातीशी गेला, आणि ती माझ्या मागे, रस्त्याकडे बघायला लागली, आणखी कुणी येतंय का म्हणून. मला वाटलं, घाबरली. मी सगळं उघडं करणार, तिचं नाव घेणार, ह्याची तिला धास्ती पडली. मला तिची दया आली. मी तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि मग हात छातीवर. काळजी करू नका, मी काही बोललेलो नाही.

तिचा चेहरा उतरला. ती पायरीवर खाली बसली. मी समजलो, जीव भांड्यात पडला.

मग कर्ण्यावरून सत्कार सुरू झाले. इकडे लग्नात येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. सरपंचांना दिली, मुकादमाला दिली, आणि मग नाव पुकारलं गेलं, बीडहून आलेले फादरसाहेब. मी उठलो. नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण साठ माणसं बघत होती आणि बाप दोन्ही हातांनी टोपी पुढे करून उभा होता. मी मान खाली केली. त्याने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मागून एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हापिसातलं कुणी आलं तर यिऊ दे की. फादर सोता बसल्यावर कोन काय बोलंल?" आणि दोघं हसले.

पोरीला बाहेर आणलं. पिवळी साडी, ती सारखी खांद्यावरून घसरत होती आणि कुणीतरी मागून ओढून बसवत होतं. तिने मला बघितलं. टोपी घातलेला मी तिला बहुतेक ओळखू आलो नसेन, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. तिने मला ओळखलं होतं. मंगलाष्टकं झाली, आणि सगळ्यांनी टाकल्या तेव्हा माझ्या मुठीतल्या अक्षताही मी टाकल्या. भात खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणालो, तेवढंच काय ते त्या दिवसातलं माझं शौर्य.

सोमवारी कार्यकर्तीने माझ्यापुढे आपला मोबाईल धरला. कुणीतरी लग्नाचा व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात मी होतो, पहिल्या ओळीत, टोपी घालून.

"फादर, तुमाला आदुगर ठावं व्हतं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, मला सांगता येत नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला, दुपारची सुट्टी टाकली, आणि एकटीच त्या अधिकाऱ्याकडे जाऊन तक्रार देऊन आली. तोवर उशीर झाला होता. गावात चौकशीला माणूस जाईपर्यंत दसरा होऊन गेला होता, त्या दोघांची टोळी लांब कुठल्याशा कारखान्यावर पोचली होती, आणि परत आल्यावर बघू असं ठरलं. त्या हिवाळाभर कार्यकर्ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा करायची, तो टेबलावर ठेवून जायची. आधी ती माझ्या पुढ्यात बसून प्यायची.

आई मला दिसायची, पण लांबून. केंद्राच्या बाजूने न येता पलीकडच्या बोळातून जायची. मी समजत होतो, तिला माझ्यापुढे यायला लाज वाटते. शनिवारच्या बाया येतच होत्या, उलट वाढल्या होत्या. लग्न डोळ्यांनी बघूनही फादरने तोंड उघडलं नाही, ह्याचं काही जणींना कौतुक होतं. मी ते कौतुक घेत होतो आणि मला घरी गेल्यावर जेवण जात नव्हतं.

होळी होऊन गेल्यावर ती आली. शनिवार नव्हता. सकाळची वेळ, शेडमध्ये अर्जाची गर्दी. ती थोरलीच्या वह्या न्यायला आली होती, त्या अभ्यासिकेच्या कपाटात तशाच पडून होत्या. कार्यकर्तीने काढून दिल्या. ती निघाली तेव्हा मी उठून तिच्या मागे दारापर्यंत गेलो. विचारलं, मुलगी कशी आहे. ती म्हणाली, बरी आहे, पहाटे चारला उठते, मोळ्या बांधते, फोनवर म्हणाली हात फाटलेत. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि माझ्याजवळ द्यायला एकच गोष्ट आहे असं मला वाटलं.

मी म्हणालो, "ताई, तुम्ही मला जे सांगितलं होतं ते मी आजपर्यंत कुणाजवळही काढलेलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. आधी तिला कळलंच नाही मी काय म्हणतोय. मग कळलं.

"मग म्या तुमाला सांगितलं कशापायी?" ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. खरंच विचारत होती. मग तिने हातातल्या वह्या दुसऱ्या काखेत घेतल्या आणि मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "तुमी कलेक्टरच्या हापिसात जाता. तितं तुमाला खुर्ची देत्यात. मला वाटलं, फादरच्या कानावर घातलं म्हंजी झालं. कुनी सांगितलं ते कुनाला कळनार न्हाई, आन् पोरगी वाचंल. त्या दिशी तुमी गावात आलात तवा मला वाटलं, मागून गाडी येतीया."

तिने मला वार सांगितला होता. वेळ सांगितली होती. गावाचं नाव तर दोनदा. धर्मगुरू झाल्यापासूनच्या बारा वर्षांत शेकडो माणसांची कुमसारं मी ऐकली आहेत, आणि आपलं पाप सांगायला आलेल्या माणसाने कधी पत्ता सांगितलेला नाही. माझ्या नियमातला अर्धाच भाग तिने उचलला होता, की फादर तुमचं नाव सांगत नाही. तो तिने अगदी बरोबर उचलला होता. बाकीचा अर्धा भाग मीच मध्ये घातला होता, आणि तिची मुलगी त्याच्याखाली गेली.

मी तिची माफी मागितली. तिथे दारात, अर्जवाल्या बायांसमोर, हात जोडून. लोकांना क्षमा देत आलेल्या माणसाला ती मागता येत नाही, शब्द नीट जुळत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ती बघत राहिली. असू द्या म्हणाली नाही, आणि रागावलीही नाही. तिला घरी जायचं होतं, दुपारच्या दोन घरांची भांडी पडली होती.

आता शनिवारी खुर्चीत कुणी बसलं की मी आधी विचारतो, हे ऐकून मी काय करायचं ते सांगा. काही जणी गोंधळतात, काही उठून जातात. खुर्ची पूर्वीइतकी भरत नाही. ऐकलेल्यातलं जे करण्यासारखं असतं, ते बाईला विचारून मी त्याच दिवशी कार्यकर्तीला सांगतो. ती चहा घेऊन पुन्हा पुढ्यात बसायला लागली आहे, पण गोडाऊनवरून चिडवत नाही.

माफी मागितली त्या दिवशी ती बाई पायरी उतरायला लागली तेव्हा मला एकदम धाकटी आठवली. अकरा वर्षांची, सहावीतली. तीही कितीतरी दिवसांत अभ्यासिकेत आली नव्हती. मी विचारलं, ताई, धाकटी कुठे आहे, दिसत नाही.

ती थांबली. बोळाकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि म्हणाली, "हाय. शाळंतच हाय. तिच्या बापाला बी ठावं न्हाई कुठं ते."

मी म्हणालो, चांगलं केलंत. कुणाकडे ठेवलीय? काही लागलं तर...

"तुमाला न्हाई सांगत," ती म्हणाली, आणि वह्या छातीशी धरून निघून गेली.